इंग्लंडात घर घेतोय, सॉलिसिटर कसा निवडलात?

सईची_आई
नमस्कार मंडळी. सहा वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर रेडिंगला एक सेमी-डिटॅच्ड घर पसंत पडलंय. साडेचार लाख पौंडांची ऑफर मान्य झाली. मॉर्गेजचं ब्रोकर बघतोय, त्याची चिंता नाही. गाडी अडलीय ती सॉलिसिटरपाशी. तीन कोटेशनं हातात आहेत:

ऑनलाइनवाले, ऑफिस कुठेतरी उत्तरेत: ८९५ पौंड अधिक व्हॅट.
इस्टेट एजंटने सुचवलेले: १,४५० अधिक व्हॅट.
इथल्याच हायस्ट्रीटवरची एक जुनी फर्म: १,६५० अधिक व्हॅट.

एजंट दिवसातून दोनदा फोन करतो. "आमचेच घ्या, काम भराभर होईल, विक्रेत्यालाही बरं वाटेल," असं त्याचं म्हणणं. नवरा म्हणतो, स्वस्तातला घे, कागदं तर तीच आहेत. सासूबाई पुण्याहून म्हणतात, वकील ओळखीचा असावा. माझी इथे एकाही वकिलाशी ओळख नाही आणि ते बरंच आहे असं आजवर वाटायचं.

तुम्ही कसा निवडलात? एजंटचा न घेतल्यास खरंच घर हातचं जातं का?

बंड्या_स्लाववाला
पत्रिका जुळवा. छत्तीस गुणांपैकी "फोन उचलतो" याला वीस, "उचलल्यावर तुमची फाइल कुठली ते आठवतं" याला दहा. उरलेले सहा फीला.

खडूस_काका
मी १९९८ साली पहिलं घर घेतलं. पिवळ्या पानांची डिरेक्टरी उघडली, सगळ्यात कमी पैसे सांगितले त्याला काम दिलं. आठ आठवड्यांत किल्ल्या. एकदाही भेटलो नाही. सही करून टपालाने पाठवली, संपलं. फॉर्म भरणाऱ्याला दीड हजार पौंड द्यायचे ही अलीकडची श्रीमंती आहे. स्वस्तातला घ्या आणि उरलेल्या पैशांत लॉनमोअर आणा.

गवती_चहा
काका, १९९८ चं १९९८ ला ठेवा हो. :-)

सईची आई, एजंटच्या शिफारशीमागे बहुतेक वेळा रेफरल फी असते. सॉलिसिटर एजंटला प्रत्येक गिऱ्हाइकामागे ठरावीक रक्कम देतो. ते बेकायदा नाही, पण तुम्हाला सांगायला हवं असा नियम आहे. सरळ विचारा, "तुम्हाला यात किती मिळतात?" मी विचारलं तेव्हा एजंट आधी खोकला, मग २५० म्हणाला. तेव्हापासून त्याचे फोन दिवसातून दोनदाचे आठवड्यातून एकदावर आले.

आणि घर हातचं जात नाही. कोणता सॉलिसिटर घ्यायचा हे सर्वस्वी तुमच्या हातात. ऑफर मान्य झाली की एजंटला फक्त नाव-पत्ता कळवायचा.

फॉल्टी_बॉयलर
एजंटचा वाईटच असतो असं नाही. आमचा एजंटनेच दिलेला होता आणि उत्तम निघाला. बाई रोज सकाळी साडेनऊला एक ओळीचा ईमेल टाकायच्या, "आज काही नवीन नाही." त्या एका ओळीवर मी तीन महिने झोपलो.

पमीताई
मी सहा वर्षं एका मध्यम आकाराच्या फर्ममध्ये कन्व्हेयन्सिंग पॅरालीगल होते, म्हणजे घरखरेदीच्या कागदपत्रांत वकिलाची मदतनीस. आता शाळेत नोकरी करते, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

आधी एक गैरसमज. हे काम सॉलिसिटरच करतो असं नाही, लायसन्स्ड कन्व्हेयन्सरही करतो. पहिल्यावर एसआरएची (सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी) देखरेख असते, दुसऱ्यावर सीएलसीची (कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्स). साध्या फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकीच्या) घराला दोन्ही चालतात. फक्त नाव त्या-त्या संस्थेच्या यादीत शोधून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

खरा प्रश्न फर्म कुठली हा नसतोच. फाइल कोणाच्या टेबलावर जाणार हा असतो. फोनवर गोड बोलतो तो विक्री विभागातला. पैसे भरलेत की फाइल माझ्यासारखीकडे यायची. माझ्याकडे एका वेळी नव्वद फाइली असायच्या. तुमचा ईमेल मी वाचायचे तेव्हा तुम्ही तिसरा पाठवलेला असायचा. म्हणून कोटेशन घेतानाच विचारा: माझी फाइल सांभाळणाऱ्या व्यक्तीचं नाव काय, तिचा थेट नंबर मिळेल का, ती रजेवर गेली तर कोण बघणार. नाव सांगायला जो कचरतो तिथे नाव अजून ठरलेलं नसतं.

दुसरं, पॅनल. इथे बहुधा एकच सॉलिसिटर तुमचंही काम करतो आणि मॉर्गेज देणाऱ्या बँकेचंही. प्रत्येक बँकेची मान्य फर्मांची यादी असते. "बऱ्याच बँकांच्या पॅनलवर आहोत" हे उत्तर नव्हे. तुमच्या बँकेचं नाव घेऊन विचारा.

तिसरं, कोटेशनच्या खालचा बारीक मजकूर. २०१८ च्या डिसेंबरपासून सॉलिसिटर फर्मांना दर वेबसाइटवर टाकावे लागतात, पण ८९५ च्या खाली काय-काय लटकलंय ते बघा: गिफ्टेड डिपॉझिटचे वेगळे, ओळख तपासणीचे वेगळे, चॅप्सने (त्याच दिवशी पोहोचणाऱ्या बँक ट्रान्सफरने) पैसे पाठवायचे वेगळे, स्टॅम्प ड्यूटीचा रिटर्न भरायचे वेगळे. लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या लीजवरचं) असेल तर आणखी. सगळी बेरीज केली की स्वस्त आणि महाग यांच्यातली दरी पुष्कळदा बुजते.

बंड्या_स्लाववाला
म्हणजे एकच भटजी वधूपक्षाचाही आणि वरपक्षाचाही?

पमीताई
नाही, विक्रेत्याचा भटजी वेगळा. हा वर आणि सावकार यांच्यातला. आणि सावकाराची दक्षिणाही वरच देतो. पण एक लक्षात ठेवा. तुमच्या घरात किंवा पैशांत काही खटकलं तर ते बँकेपासून लपवता येत नाही. "हे बँकेला सांगू नका हं" अशी विनंती मला किती जणांनी केलीय!

लोणचं_फोडणी
पॅनलचा चटका आम्ही खाल्लाय. मिस्टरांच्या ऑफिसातल्या कुणीतरी सुचवलेला एकट्याचा दवाखाना, आपलं, एकट्याची फर्म. माणूस देवमाणूस. महिनाभर काम झाल्यावर कळलं की आमच्या बँकेच्या पॅनलवर तो नाही. बँकेने स्वतःचा दुसरा सॉलिसिटर नेमला, त्याची फी आमच्या माथी, आणि दोन वकील एकमेकांना पत्रं लिहीत बसले. तीन आठवडे गेले. तोवर चेनमधला, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या खरेदी-विक्रीच्या साखळीतला, खालचा खरेदीदार पळाला.

दुर्वांकुर
लीजहोल्डचा विषय निघालाय तर माझं रडगाणं ऐका.

२०१५ मध्ये नवा फ्लॅट घेतला. बिल्डर म्हणाला, अठ्ठावीस दिवसांत एक्स्चेंज (करार पक्का) करायचंय, आमच्या यादीतला सॉलिसिटर घेतलात तर गालिचे फुकट. घेतला. वेळेत झालं सगळं. गालिचेही आले, राखाडी रंगाचे. लीजमध्ये ग्राउंड रेंट (जमीनमालकाला द्यायचं भाडं) दर दहा वर्षांनी दुप्पट होणार होतं, हे मला विकायला काढल्यावर खरेदीदाराच्या वकिलाने सांगितलं. आमच्या सॉलिसिटरच्या रिपोर्टमध्ये ते होतं का? होतं. एकोणिसाव्या पानावर, "ग्राउंड रेंटसाठी परिशिष्ट पाहावे." परिशिष्टात जे लिहिलंय ते म्हणजे काय हे सांगणारं कोणी नव्हतं. दोन खरेदीदार गेले, कारण त्यांच्या बँका असल्या लीजवर कर्ज देईनात. शेवटी लीज बदलून घ्यायला पैसे मोजले.

२०२२ च्या जूनअखेरपासून नव्या लीजवर ग्राउंड रेंट घेता येत नाही, तेव्हा नव्या लोकांना हा त्रास नाही. पण जुने फ्लॅट बाजारात आहेतच. आणि बिल्डरचा सॉलिसिटर घेणाऱ्यांनो, ते गालिचे मी अजून ठेवलेत. बघायला या.

खडूस_काका
रिपोर्ट वाचायचा कोणी? सॉलिसिटरने की तुम्ही? एकोणिसावं पान उघडलं असतंत तर...

दुर्वांकुर
काका, मला लीजची भाषा कळत असती तर वकील कशाला केला असता? पंक्चरवाल्याकडे गेल्यावर तो "टायरमध्ये भोक आहे, परिशिष्ट पाहावे" म्हणाला तर चालेल का?

गवती_चहा
टाळ्या.

एडिनबरा_एक्सप्रेस
मधेच नाक खुपसतो. स्कॉटलंडात सगळंच वेगळं. इथे ऑफरच सॉलिसिटरच्या मार्फत जाते, घराचा होम रिपोर्ट विक्रेता आधीच तयार ठेवतो, आणि मिसिव्हज (वकिलांमधली कराराची पत्रं) पक्की झाली की माघार नाही. इंग्लंडातला गॅझम्पिंगचा, म्हणजे मान्य झालेल्या ऑफरवर दुसऱ्याने जास्त बोली लावून घर पळवण्याचा, तमाशा इथे फारसा नाही. त्यामुळे वरचे सल्ले वाचून इथला कोणी इंग्लंडमधली फर्म धरू नका.

बंड्या_स्लाववाला
एक्सप्रेस दर धाग्यात एकदा तरी एडिनबराला थांबतेच.

सईची_आई
सगळ्यांचे आभार! पमीताई, तुमचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय. एजंटला रेफरल फी विचारली. "ते आम्ही वेगळ्या कागदावर कळवतो" म्हणाला. कागद अजून आलेला नाही.

आणखी एक शंका. डिपॉझिटचे थोडे पैसे बाबा पुण्याहून पाठवणार आहेत. शिवाय सिंहगड रोडला माझ्या नावावर एक वन बीएचके आहे, बाबांनी लग्नाआधी घेऊन ठेवलेला, त्याचं भाडंही तिथल्या खात्यात साठलंय. हे सगळं इथे आणताना सॉलिसिटर खूप प्रश्न विचारतात का?

फॉल्टी_बॉयलर
विचारतात? पोलीस चौकशी परवडली. सहा महिन्यांची स्टेटमेंट्स, प्रत्येक मोठ्या रकमेपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. मित्राने दिवाळीला परत केलेले उसने चारशे पौंडसुद्धा समजावून सांगावे लागले.

बाबा देणार असतील तर गिफ्ट लेटर लागेल: पैसे परत मागणार नाही, घरात हक्क सांगणार नाही. मग बाबांचं ओळखपत्र, बाबांचं स्टेटमेंट, आणि बाबांकडे ते आले कुठून त्याचा पुरावा. तिकडून पाठवताना एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती पुरून उरते. मोठ्या रकमेवर बँक टीसीएस (आगाऊ कर) कापते, तो बाबांना रिटर्न भरताना वळता करून घेता येतो.

लोणचं_फोडणी
आमच्या सासऱ्यांनी साताऱ्याकडची जमीन विकून पैसे दिले होते. सॉलिसिटर म्हणाली, जमिनीची कागदपत्रं द्या, अधिकृत इंग्रजी भाषांतरासकट. खरेदीखत आणि सातबारा पाठवला. भाषांतर करणारा दिल्लीचा निघाला. सातबाऱ्यावर "पोटखराबा" असं होतं, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन; त्याने त्याचं केलं, पोट बिघडलेली जमीन. सॉलिसिटरचा गंभीर ईमेल: जमिनीला काही आजार किंवा प्रदूषण आहे का, आणि असल्यास खरेदीदाराला ते सांगितलं होतं का?

बंड्या_स्लाववाला
मेलो. सई, तुमच्या फ्लॅटचं पोट बरं आहे ना?

नर्मदा_तीरी
थांबा थांबा. पोटखराब्यावर हसताना सगळ्यांच्या नजरेतून मुख्य गोष्ट निसटली. सईची आई, पुण्यातला फ्लॅट तुमच्या नावावर आहे म्हणालात. तुम्ही स्टॅम्प ड्यूटी कितीची धरलीय?

सईची_आई
७,५००. फर्स्ट टाइम बायर म्हणून. ब्रोकरच्या तक्त्यात तेच आहे. इथे तर आमचं पहिलंच घर ना?

नर्मदा_तीरी
इथे पहिलं असून भागत नाही. जगात कुठेही, कधीही घर तुमच्या मालकीचं असेल, अगदी वारशाने किंवा बक्षीस मिळालेलं, तर फर्स्ट टाइम बायरची सवलत नाही. दोघे मिळून घेत असाल तर दोघेही पहिल्यांदा घेणारे हवेत.

आणि ते एवढ्यावर थांबत नाही. खरेदी पूर्ण होते त्या दिवसाअखेर तुमच्याकडे ४०,००० पौंड किंवा जास्त किमतीचं दुसरं घर असेल, तेही जगात कुठेही, तर पूर्ण रकमेवर नेहमीच्या कराच्या वर आणखी पाच टक्के, हाच वाढीव दर. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ते तीनाचे पाच झालेत. फ्लॅटची आजची किंमत काय?

सईची_आई
बाबा म्हणतात सत्तर लाखांच्या आसपास. म्हणजे... साठ हजार पौंड?

नर्मदा_तीरी
मग आकडे मांडते. साडेचार लाखांचं घर, एप्रिल २०२५ पासूनचे दर.
सवलतीसह: ७,५००.
सवलत नाही, पण दुसरं घरही नाही: १२,५००.
सवलत नाही आणि पुण्याचा फ्लॅट आहे: ३५,०००.

सईची_आई
हात थरथरतोय टाइप करताना.

खडूस_काका
बाई, नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर घ्या. त्याच्या नावावर तिकडे काही नाही ना? झालं.

पमीताई
काका, नाही होत. वाढीव दरासाठी नवरा-बायको एकच धरतात. एकाचं घर ते दुसऱ्याचंही. मग फ्लॅट नवऱ्याच्या नावे करूनही उपयोग नाही, हेही आलंच. आणि वाढीव दर लागला की फर्स्ट टाइमची सवलत आपोआप जाते.

नर्मदाताईंचं सगळं बरोबर आहे. फक्त दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, लोक इथे गल्लत करतात. फर्स्ट टाइमची अट "कधीच नव्हतं" अशी आहे. ती गेली की गेली, फ्लॅट आज विकूनही परत येत नाही. वाढीव दराची अट "त्या दिवशी आहे का" अशी आहे. कम्प्लीशनच्या (इथली खरेदी पूर्ण होण्याच्या) आधी फ्लॅट खरोखर दुसऱ्याच्या मालकीचा झाला तर ती टळते. म्हणजे सईच्या बाबतीत ३५,००० चे १२,५०० होऊ शकतात.

गवती_चहा
बाबांनाच बक्षीसपत्र करून परत देऊन टाकलं तर? महाराष्ट्रात घरातल्या घरात दोनशे रुपयांत होतं म्हणे.

नर्मदा_तीरी
दोनशे रुपयांचं ते पती-पत्नी, मुलगा-मुलगी, नातवंडं यांना देताना. उलट दिशेने, मुलीकडून वडिलांना, ती सवलत नाही. स्टॅम्प ड्यूटी लागते, पण इथल्या २२,५०० पौंडांपुढे ती किरकोळच. फक्त सई इथे असल्यामुळे कुलमुखत्यारपत्र तिकडे पाठवावं लागेल. परदेशातून आलेलं मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा लागतो. हे विसरून आमच्या मावशी सहा महिने दुय्यम निबंधकाच्या ऑफिसाच्या पायऱ्या झिजवत होत्या.

आणि देणगी खरी हवी. कागदावर बाबांचा आणि भाडं तुमच्या खात्यात, असं नको.

फॉल्टी_बॉयलर
भाड्यावरून आठवलं. ते भाडं इथल्या सेल्फ असेसमेंटमध्ये (आयकर रिटर्नमध्ये) दाखवताय ना?

सईची_आई
मी थोडा वेळ चहा घेऊन येते.

बंड्या_स्लाववाला
आलं घालून घ्या.

खडूस_काका
ठीक आहे. मी स्वस्तातला घ्या म्हणालो होतो ते ७५५ पौंड वाचवायला. इथे प्रकरण सत्तावीस हजारांचं निघालं. पण मला सांगा, हे सॉलिसिटरने विचारायचं की ब्रोकरने? की बाईंनीच? महाग फर्म घेतली म्हणून ती हे विचारेलच कशावरून?

पमीताई
काका, आज पहिल्यांदा तुमच्याशी सहमत. फी बघून हे कळत नाही. बऱ्याच फर्मा एक फॉर्म पाठवतात, त्यात चौकोन असतो, "मी फर्स्ट टाइम बायर आहे." लोक सईसारखेच विश्वासाने टिक करतात. रिटर्न सॉलिसिटर भरतो, कम्प्लीशननंतर चौदा दिवसांच्या आत, पण तो भरतो तुमच्या सांगण्यावरून. चुकला तर कर, व्याज आणि दंडाची नोटीस तुमच्या नावे येते. आमच्या ऑफिसात एक केरळी सहकारी होती, ती प्रत्येक भारतीय गिऱ्हाइकाला पहिल्याच फोनवर विचारायची, "गावाकडे तुमच्या नावावर काय-काय आहे?" लोकांना राग यायचा. तिच्या फाइली मात्र परत उघडल्या नाहीत.

सई, सोपी परीक्षा सांगते. तिघांनाही हाच प्रश्न ईमेलने पाठव. पैसे भरायच्या आधी. उत्तर काय येतं आणि कुणाकडून येतं ते बघ.

वाळूचं_घड्याळ
वाचतोय बराच वेळ. कर वगैरे चालू द्या, पण एक इशारा. एक्स्चेंजच्या आदल्या दिवशी मला सॉलिसिटरचा ईमेल आला: आमचं खातं ऑडिटमध्ये आहे, डिपॉझिट या नव्या खात्यावर पाठवा. तोच लोगो, तीच सही, माझ्या फाइलचा नंबरही तोच. अडतीस हजार पौंड. बँकेच्या अॅपमध्ये आकडा टाकून झाला होता. बायको म्हणाली, फोन कर. पहिल्या पत्रावर छापलेला नंबर शोधून फोन केला. ईमेलमधला नाही, पत्रावरचा. सॉलिसिटरचा आवाज मला अजून ऐकू येतो: "कुठलं नवीन खातं?"

तेव्हा कोटेशन घेताना हेही विचारा की खात्याचा नंबर कसा कळवणार. आमच्या दुसऱ्या घराच्या वेळी फर्मने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, आमचं खातं कधीही बदलणार नाही, बदललं म्हणून ईमेल आला तर तो आमचा नव्हे. आधी एक पौंड पाठवून फोनवर खात्री केली, मग बाकीचे.

लोणचं_फोडणी
आणि कम्प्लीशन शुक्रवारी ठेवू नका! सगळे शुक्रवार मागतात, सगळ्यांचे चॅप्स एकाच दिवशी. आम्ही दीड वाजल्यापासून नव्या घरासमोरच्या बुटक्या भिंतीवर बसलो होतो. पुढे सामानाची व्हॅन, मांडीवर देव्हारा, बाजूला कुकरमध्ये सकाळचा मसालेभात. पैसे चेनमध्ये कुठेतरी अडकलेले, एजंट किल्ली देईना. साडेचारला फोन आला. मधल्या वेळात समोरच्या गोऱ्या आजोबांनी अर्धा कुकर संपवला. आज ते आमचे सगळ्यात चांगले शेजारी आहेत, ती गोष्ट वेगळी.

दुर्वांकुर
जाता जाता: सॉलिसिटर घर बघायला येत नाही. त्याच्यासाठी घर म्हणजे नकाशावरची हद्दीची लाल रेघ. तो नकाशा त्याच्याकडून मागवा, किंवा लँड रजिस्ट्रीतून सात पौंडांत स्वतः काढा, आणि हातात घेऊन बागेत चक्कर मारा. माझ्या भावाला असंच कळलं की ज्या शेडवर भाळून त्याने घर घेतलं ती शेड लाल रेघेच्या बाहेर, कौन्सिलच्या जागेत होती.

सईची_आई
चहा संपला, चार दिवसही संपले. तिघांनाही तोच ईमेल टाकला होता.

ऑनलाइनवाल्यांचं उत्तर दोन मिनिटांत: "तुमची चौकशी आमच्यासाठी महत्त्वाची आहे. फाइल उघडल्यावर आमचा प्रतिनिधी संपर्क साधेल." त्यानंतर शांतता.

एजंटवाल्यांकडून एका मुलाचा फोन. म्हणाला, परदेशातलं घर मोजत नाहीत, फर्स्ट टाइमवर टिक करा. मी म्हटलं, हे ईमेलवर लिहून द्या. लिहून अजून आलेलं नाही.

हायस्ट्रीटवाल्या बाईंनी तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी पावणेसहाला स्वतः फोन केला. फ्लॅट कधी घेतला, कागदावर नाव कोणाचं, आज किंमत किती, तुम्ही तिथे शेवटचं कधी राहिलात, नवऱ्याच्या नावावर काही आहे का, त्याच्या आईवडिलांनी त्याला न सांगता त्याचं नाव कुठे घातलंय का. शेवटच्या प्रश्नावर मी हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी हे प्रत्येकाला विचारते." मग म्हणाल्या, तुम्ही सांगताय त्यावरून वाढीव दर लागेल असं मला दिसतं, पण फ्लॅटच्या किमतीबद्दल मी मत देणार नाही, त्यासाठी कर सल्लागाराकडे जा, आणि एक्स्चेंजच्या आधी जा.

तीन दिवस लावले म्हणून नवरा कुरकुरला. पण त्यांनाच काम दिलं. आमच्या बँकेच्या पॅनलवर आहेत, नाव घेऊन विचारलं. घरी फोन करून सासूबाईंना शेवटचा प्रश्न विचारला. दोन सेकंद शांतता, मग म्हणाल्या, "नाशिकच्या प्लॉटवर घातलंय नाव. पण त्यावर अजून काही बांधलेलं नाही हो!"

नर्मदा_तीरी
बांधलेलं नाही हे फार छान झालं. मोकळा प्लॉट घरात धरत नाहीत. सासूबाईंना सांगा, कम्प्लीशनपर्यंत तिथे वीटही रचू नका.

बंड्या_स्लाववाला
सासूबाई या धाग्याच्या खऱ्या नायिका.

खडूस_काका
मी आज पत्नीला विचारलं, तुझ्या माहेरी काही आहे का तुझ्या नावावर. ती म्हणाली, तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंत.

सईची_आई
साडेसात आठवड्यांनी अपडेट. भाडेकरूनेच फ्लॅट घेतला. बाबांना मुखत्यारपत्र पाठवलं होतं, मुद्रांक वेळेत भरला (नर्मदाताई, मावशींना नमस्कार सांगा). खरेदीखत गेल्या बुधवारी नोंदलं गेलं. विक्रेत्यालाही जरा उशिराचंच कम्प्लीशन हवं होतं, म्हणून जमलं. भाड्याचा मागचा हिशेब अकाउंटंटकडे दिलाय, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

पुण्याचे पैसे एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या) खात्यातून यायचेत, म्हणून खरेदीखताचं भाषांतर सॉलिसिटर बाईंना पाठवलं. आज त्यांचा ईमेल आला. आमच्या कागदात पोटखराबा नाही, पण चतुःसीमा आहे. "पूर्वेस जिना, पश्चिमेस मोकळी जागा, दक्षिणेस शेजारच्यांची सदनिका, उत्तरेस पॅसेज." बाईंना विचारायचंय, हे सगळं लाल रेघेने दाखवलेला नकाशा कुठे आहे?

लोणचं_फोडणी
सांगा त्यांना, जिन्यात उभं राहिलं की दिसतं.